मदत हवी आहे : उसाच्या बैलगाडीच्या चाचणीसाठी परवानगी

चिकोडी तालुक्यातील आमच्या गावात माझ्या पुतण्याने उसाच्या बैलगाडीला बॅटरीवर चालणारे जादा चाक जोडले आहे, आणि चढावर बैलांच्या मानेवरचा भार त्यामुळे खरोखरच हलका होतो, हे मी स्वतः जुवाखाली हात घालून पाहिले आहे. मात्र मोटार बसवल्यावर ही गाडी वाहन ठरते की बैलगाडीच राहते, हे कोणी ठामपणे सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने 2019 साली वित्तीय सेवांसाठी केली तशी, ठरावीक मुदतीपुरती नियमांतून सवलत देऊन चाचणी घेऊ देण्याची सोय कर्नाटकाने 2020 च्या नवोन्मेष प्राधिकरण कायद्यात केली आहे. परंतु मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्याने ती येथे लागू पडेल का? बेळगाव, निपाणी भागातील कोणी असा अर्ज केला असल्यास गळीत हंगामापूर्वी कृपया कळवावे; आमच्या अर्जाचा कन्नड मजकूर तपासून मिळाल्यास फार उपकार होतील.