मदत हवी आहे: गावाला फॅमिली फोटोसेशन करायचं आहे, नक्की काय अपेक्षा ठेवायची?

लाल_माती:
घरच्या सगळ्यांचं फोटोसेशन करायचं ठरलंय. आमच्यात आजवर कुणी केलेलं नाही, लग्नातला फोटोग्राफर तेवढा माहीत. एकाने दोन तासांचे १५ हजार आणि ४० एडिट केलेले फोटो असं सांगितलंय. दोन तासांत नक्की काय काय होतं? सगळ्यांनी सारखे कपडे घालायचे का? समुद्रावर करायचं आहे. उद्या संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

खाडीपलीकडचा:
कुठला समुद्र? माणसं किती? महिना कोणता? एवढं कळल्याशिवाय १५ हजार जास्त की कमी हे कुणीच सांगू शकणार नाही.

मावळतीचा_प्रकाश:
आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्यास्ताच्या आधीचा तासच घ्या. आम्ही आरे-वारेला केलं होतं. वरून ड्रोनने घेतलेला फोटो आज हॉलमध्ये लावलाय. ड्रोन असेल तरच पैसे द्या.

खाडीपलीकडचा:
ड्रोनचं एवढं सोपं नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उडवण्याआधी ती जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघावं लागतं. शिवाय घरच्या फोटोत माणसांचे चेहरे दिसायला हवेत, डोकी नव्हे.

मावळतीचा_प्रकाश:
आमच्या फोटोग्राफरने सगळं रीतसर केलं होतं. आणि चेहऱ्यांचे फोटो खालून काढतातच की.

पोफळीची_बाग:
एक सुचवते. जुने अल्बम असतील तर आधी तेच स्कॅन करून घ्या. आमच्या माडीवरच्या पेटीतले कृष्णधवल फोटो दोन पावसाळ्यांत बुरशीने एकमेकांना चिकटले, सासूबाईंच्या लग्नाचा एकही सुटा निघाला नाही.

लाल_माती:
अल्बमचं नंतर बघेन, ताई. गुहागर तालुक्यात आमचं गाव. सगळे मिळून २७, त्यात ५ वर्षांखालची चार. गणपतीतच करणार, तेव्हाच सगळे येतात. गौरीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला बीचवर, असं ठरवलंय.

सुकट_बाजार:
साडेपाचला वाळू कुठे मिळेल हो? आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात, येईल तो भरतीचा तास. गौरीपूजन बहुतेक सप्तमी-अष्टमीला पडतं. सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा. तुम्ही उतराल तेव्हा भरती पुरी होत आलेली असेल. आणि भाद्रपदातला दर्या, त्यात चार पोरं. मी तरी माझ्या नातवंडांना नेणार नाही.

खाडीपलीकडचा:
हिशोब बरोबर आहे, पण अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखं पाणी चढत नाही. वरच्या अंगाला सुरूंच्या बाजूने जागा राहते.

सुकट_बाजार:
राहते, पण किती? २७ माणसं, त्यांच्यासमोर फोटोग्राफर, आणि त्याच्या पाठीला पाणी. पावसाळ्यातली लाट पंचांग बघून येत नाही.

माजघर:
मला वेगळंच विचारायचंय. पूजनाच्या दिवशी साडेपाचला तुमच्या घरातल्या बायका मोकळ्या असतील का? आमच्याकडे पहाटेपासून चूल पेटलेली असते. नैवेद्य, जेवणावळी, मग रात्रीच्या फुगड्यांची तयारी. आई आणि काकू दमून येतील आणि फोटोत तसंच दिसेल. वेळ त्यांना विचारून ठरवा.

उजेडवाला:
मी चिपळूणला हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. २७ माणसांत दोन तास कसे जातात ते सांगतो. अर्धा तास नुसता सगळे जमण्यात जातो. सगळ्यांचा एकत्र फोटो आधी काढायचा, कारण मुलं पहिली वीस मिनिटंच ताजी असतात. त्या एका फोटोसाठीच मी पंधरा-वीस फ्रेम घेतो, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले असतातच. मग एकेक कुटुंब, मग भावंडं, मग ज्येष्ठांसोबत नातवंडं. ही यादी तुम्ही आधीच लिहून द्या आणि नावानिशी हाक मारायला घरातलं एक माणूस नेमा. नाहीतर ‘धाकट्या काकांबरोबर राहिलाच’ हे सगळे गाड्यांत बसल्यावर आठवतं.

कपडे सारखे नकोत, रंग जुळते ठेवा. बारीक चौकड्या टाळा, कॅमेऱ्यात त्यांवर लाटा दिसतात. पांढरं आणि आपली लाल माती तुम्हाला ठाऊक आहेच.

४० फोटो म्हणजे निवडून, रंग सुधारून दिलेले. बाकीचे मिळणार का, किती दिवसांत मिळणार, अल्बम धरलाय का, आणि पाऊस आला तर दुसरा दिवस देणार का, हे ॲडव्हान्सच्या आधी लिहून घ्या. पावसाचं सर्वांत आधी.

मावळतीचा_प्रकाश:
सगळे मूळ फोटो मिळायलाच हवेत. पैसे आपण दिलेत.

उजेडवाला:
कच्च्या फायली आम्ही शक्यतो देत नाही. अर्धवट काम आमच्या नावावर फिरतं. हवे असतील तर आधी बोला, काही जण वेगळे पैसे घेऊन देतात.

माजघर:
लाल_माती, ज्येष्ठ कोण कोण आहेत घरात?

लाल_माती:
आजी. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. ८६ वर्षांची आहे. बाबा, दोन काका, दोन आत्या, पाचही मुलं आणि ती, असा एकही फोटो आमच्याकडे नाही. कुणी ना कुणी राहिलेलंच असतं. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. बीचवर खुर्ची नेऊ म्हणत होतो.

माजघर:
अगं, हे पहिल्याच ओळीत सांगायचंस! वाळूत प्लॅस्टिकची खुर्ची टिकत नाही. माझ्या सासूबाईंना बसवलं तर डावीकडचे पाय हळूहळू रुतत गेले. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत त्यांनी खुर्चीचा हात घट्ट आवळून धरलाय, बोटांच्या पेरांवर पांढरं पडलंय. हसताहेत, पण माझी नजर आधी त्या हाताकडेच जाते. आजींना नेऊ नकोस. बाकीच्यांनी समुद्रावर नंतर जा.

सुकट_बाजार:
माझंही तेच मत.

उजेडवाला:
घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे? पडवी मोठी आहे का? पडवीच्या कडेला माणसं बसवली तर अंगणातला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो, आणि पाऊस आला तरी काम थांबत नाही. आणखी एक, फोटोग्राफर एसी गाडीतून येणार असेल तर कॅमेरा आधी बाहेर काढून ठेवायला सांगा. आपल्या दमट हवेत काचेवर लगेच वाफ धरते आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं फुकट जातात.

लाल_माती:
पूर्वेला तोंड आहे. पडवी जांभ्याची, पण अरुंद, २७ जण मावणार नाहीत. आत्या पूजनाच्या आदल्या रात्री येतात आणि विसर्जन झालं की लगेच निघतात. म्हणजे विसर्जनाची सकाळच मोकळी मिळेल.

उजेडवाला:
मग सकाळी पुढच्या अंगणात नको. ऊन पडलं तर थेट डोळ्यांत येईल, सगळे डोळे बारीक करतील. मागीलदारी घराची सावली असेल. तिथे काय आहे?

लाल_माती:
विहीर, पोफळी, आणि मागच्या दाराची पायरी. आजी रोज सकाळी तिथेच बसते, केरसुणीसाठी नारळाच्या झावळांचे हीर काढत. वॉकर बाजूला ठेवून.

उजेडवाला:
मग तिला तिथेच बसू दे. पाचही मुलांना तिच्याजवळ पायरीवर आणि खाली बसवा, उरलेले मागे. आठ वाजता सुरू करा.

लाल_माती:
आत्ताच आत्याला फोन केला. ती म्हणाली, आईच्या हातात हीर राहू देत, काढून घेऊ नका. फोटोग्राफरला उद्या सकाळीच विचारते, पाऊस आला तर काय करणार आणि बाकीचे फोटो देणार का. तो रत्नागिरीहून येणार आहे.

मावळतीचा_प्रकाश:
रत्नागिरीहून म्हणजे जयगड-तवसाळ फेरीबोटीने गाडी आणणार असेल. सकाळी आठला पोचायचं तर आदल्या रात्रीच बोलवा, राहायची सोय करा. गणपतीत बोटीला रांग असते.

लाल_माती:
हो, हे डोक्यातच आलं नव्हतं. माडीवर झोपवू त्याला. पोफळीची_बाग ताई, आमच्याही माडीवर एक पेटी आहे. ती उघडायच्या आधी काय काळजी घ्यायची?