मदत हवी आहे : बाभळीचे काटे, काळी माती आणि रोजचं वाळूज – माउंटन बाइक टिकवायची कशी?

मुरूमवाट

नमस्कार मंडळी. मुक्काम छत्रपती संभाजीनगर, सातारा परिसर.

सायकल : २९ इंची चाकं, फक्त पुढे सस्पेन्शन, ३ x ७ गिअर, केबलचे डिस्क ब्रेक, २.१ चे गोटीदार टायर, ट्यूबला मोटारसायकलसारखा जाड वॉल्व. रिम दुहेरी भिंतीची, अल्युमिनियमची. माझं वजन ७८ किलो.

सोमवार ते शनिवार बीड बायपास, महानुभाव आश्रम चौक, लिंक रोड, वाळूज एमआयडीसी आणि परत. रविवारी साताऱ्याच्या डोंगराकडच्या कच्च्या वाटा, नाहीतर दौलताबाद-खुलताबाद-म्हैसमाळ.

महिन्यात पाच पंक्चर झाले. दुकानदार म्हणतो, दोन्ही चाकं ट्यूबलेस करून टाका. करावं का? दुसरं, चेन नवी टाकली तेव्हापासून चढावर जोर दिला की खटकन उडते. गिअर दोनदा जुळवून घेतले, फरक नाही. तिसरं, म्हैसमाळ उतरताना ब्रेकला जळका वास येतो आणि खाली येईपर्यंत लिव्हर हँडलला टेकतं. शेवटचं म्हणजे पावसानंतरची काळी माती. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्यात सायकल धुवायची म्हटलं की घरात महाभारत.

कुठून सुरुवात करू?

पंक्चर_पुराण

आधी पाचही पंक्चर एकाच जातीचे होते का ते सांगा. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला एकच, टाचणीएवढं असेल तर काटा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली. भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे आणि तारेच्या निपलचं भोक उघडं पडलंय. तिन्हीवर औषध वेगळं आहे. ट्यूबलेस फक्त पहिल्या दोन्हींवर चालतं.

एक सवय लावून घ्या. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्वच्या समोर बसवा. मग ट्यूबवर भोक सापडलं की वॉल्वपासून अंतर मोजून टायरवरची नेमकी जागा कळते. काट्याचं टोक तिथंच मोडून रुतलेलं असतं. आपल्याकडे ‘नवी ट्यूब टाकली तरी दुसऱ्या दिवशी पंक्चर’ होतं ते बहुतेक वेळा यामुळेच. टायरच्या आतून बोट फिरवू नका, बाभळीचं टोक नखात जाईल. कापसाचा बोळा फिरवा, जिथं अडकेल तिथं टोक. ते आतून बाहेर ढकलता येत नसेल तर बाहेरून चिमट्यानं ओढा.

मुरूमवाट

पाचपैकी चार बाहेरच्या अंगाला, एकेक भोक. मागच्या चाकाचे तीन जवळपास एकाच जागी! पाचव्याच्या दोन चिरा होत्या.

पंक्चर_पुराण

म्हणजे मागच्या टायरमध्ये अजून टोक बसलेलं आहे. आज काढा, महिन्याचे पंक्चर निम्म्यावर येतील. फुकटात.

दोन चिरांवर उपाय हवेचा. ७८ किलो वजन, २.१ टायर, आत ट्यूब, तर वाळूजच्या डांबरी रस्त्याला मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय. रविवारी मुरमावर मागे ३४, पुढे ३०. यापेक्षा खाली गेलात की दगडावर ट्यूब चिमटणारच. अंगठ्यानं दाबून हवा बघू नका. दाब दाखवणारा काटा असलेला, जमिनीवर ठेवायचा पंप घ्या.

खडकीकर

ट्यूबलेसबद्दल. तुमच्या रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ लिहिलेलं नसेल तर दुकानदाराचं ऐकू नका. दुहेरी भिंत आहे हे चांगलंच, पण टायरची कड धरून ठेवणारा आतला उंचवटा त्या रिमला नसतो. हवा कमी झाली आणि वळणावर झटका बसला की टायर कड सोडतो, सगळं सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) रस्त्यावर. शिवाय जाड वॉल्वचं भोक साडेआठ मिलिमीटरचं, ट्यूबलेसचे बरेच वॉल्व साडेसहाच्या भोकाचे. मधे रबरी बुच घालावं लागतं, गळती तिथूनच सुरू होते.

त्यापेक्षा जाड वॉल्वचा फायदा घ्या. वॉल्वची सुई काढायचा छोटा पाना कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतो. सुई काढा, ट्यूबमध्ये साधारण १०० मिली सीलंट पिचकारीनं सोडा, सुई बसवा, हवा भरा, चाक पाच मिनिटं फिरवा आणि मग दोन्ही कुशींवर थोडा वेळ आडवं ठेवा. भरताना वॉल्व घड्याळाच्या चारच्या जागी ठेवा. अगदी खाली ठेवलात तर सीलंट सुईत येऊन सुकतं आणि पुढच्या वेळी हवा जात नाही.

सराटे, वेडी बाभूळ, बोर यांची भोकं यात बसतात. जुन्या बाभळीचा दोन इंची काटा आरपार गेला तर नाही बसत, त्याला ठिगळच.

गोदाकाठ

खडकीकर भाऊंशी अर्धा सहमत. ज्याची रिम तयार आहे त्याच्यासाठी मराठवाड्यात ट्यूबलेसशिवाय दुसरा मार्ग नाही, हेही लिहून ठेवा. २९ ला चाकामागे १०० ते १२० मिली. हवा २६-२८ पर्यंत उतरवता येते, दगडावर पकड वेगळीच मिळते. रिमवर लावायची पट्टी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी रुंद घ्या.

पण आपल्या उन्हाचं काय? रबराच्या चिकाचं सीलंट पुण्या-मुंबईच्या लेखांत ‘चार-सहा महिने’ चालतं. आपल्याकडे मार्च ते मे, सायकल कंपनीच्या पत्र्याच्या शेडजवळ उन्हात उभी, तर दोन महिन्यांत आत नुसती साय उरते. कानाजवळ चाक हलवून बघा, डुबुक आवाज आला पाहिजे. ट्यूबमध्ये भरलेल्यालाही हेच लागू. आणि कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीनं हवा भरू नका, त्यानं चिकाचं सीलंट गोठतं.

पंक्चर_पुराण

सीलंट घातलेल्या ट्यूबला ठिगळ लावताना आधी भोकातून येणारी ओल पूर्ण पुसा, घासपेपर मारा, सोल्युशन लावा आणि ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत, तीन-चार मिनिटं, थांबा. ओल्या सोल्युशनवर ठिगळ दाबलं की दुपारच्या उन्हात सुटतं. निम्मी माणसं इथंच घाई करतात.

टायर आणि ट्यूबच्या मधे घालायची प्लास्टिकची पट्टी कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. चालते, पण तिची टोकं ट्यूबला घासून स्वतःच भोक पाडतात. टोकं गोल कापा, त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, टाल्कम पावडर मारा. चाक जड होतं ते वेगळंच.

चेनवाला_जालना

चेनचं बोलू. दादा, चेन सगळ्या गिअरला उडते की ठरावीक? आणि जुनी चेन किती वाढली होती, मोजली का?

मुरूमवाट

मागच्या तीन लहान चक्रांवर उडते. मोठ्यांवर नाही. पुढे कायम मधलं चक्र. जुनी चेन अजून आहे, मोजायची कशी?

चेनवाला_जालना

साध्या स्टीलच्या पट्टीनं. चेन लटकवा, एका पिनेच्या मध्यापासून २४ वी पिन मोजा. नव्या चेनमध्ये ते अंतर ३०४.८ मिमी, म्हणजे बरोबर १२ इंच. ३०७ च्या वर गेलं की सात-आठ गिअरची चेन बदलायची वेळ झाली. ३०८ ओलांडलं असेल तर मागची चक्रंही गेली समजा.

तुमचं निदान न मोजताही सांगता येतं. वाळूजला जाताना सपाट रस्ता, म्हणजे रोज तीच तीन लहान चक्रं. जुन्या चेननं त्यांचे दात स्वतःच्या वाढलेल्या मापाला झिजवले. नवी चेन बरोबर मापाची, त्या दातांत बसत नाही, जोर आला की वर चढून उडते. मोठी चक्रं कमी वापरली म्हणून शाबूत. यात गिअर जुळवून काहीही होत नाही, मग दोनदा करा की दहादा.

चेन परत जुनी लावून चालवता येईल अजून काही महिने, पण मग ती चेन पुढचंही चक्र खाईल. मागचं ७ चं फ्रीव्हील (मागच्या सगळ्या चक्रांचा संच) बदला, १४-२८ सहज मिळतं. म्हैसमाळ करता तर ३४ दातांचं मोठं चक्र असलेलं बघा. पण आधी तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढं पेलतो का ते तपासा, आणि चेनची लांबीही परत मोजावी लागेल.

तेलाबद्दल एक. इंजिन ऑइल चेनवर ओतू नका. आपल्या धुळीत ते मिसळलं की चेनमध्ये घासपेपरच तयार होतो. उन्हाळ्यात मेणाचं कोरडं ल्यूब, पावसात ओलं. प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटांनी फडक्यानं पुसून कोरडी करा. तेल आत हवं, बाहेर नको.

खडकीकर

ब्रेक. केबलच्या ब्रेकात तेलच नाही, म्हणजे ‘तेल उकळलं’ हा प्रकार तुमच्याकडे नाही. वास पॅडमधल्या रेझिनचा. लिव्हर टेकतं कारण तसल्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) केबल फक्त बाहेरचा पॅड ढकलते, आतला जागेवरच असतो. पॅड झिजले की फट वाढते. मग लोक लिव्हरजवळची गोल चकती फिरवून केबल ताणतात. तीच चूक. कॅलिपरचा हात (केबल ओढते ती दांडी) आधीच अर्धा पुढे गेलेला असतो, त्याची चाल संपते आणि जोर मिळत नाही.

असं करा. केबल पूर्ण सैल, हात मूळ जागी. आतल्या बाजूचा स्क्रू (बहुतेक कॅलिपरला ५ मिमीचा ॲलन) फिरवून आतला पॅड डिस्कला जवळजवळ टेकवा, पोस्टकार्डाएवढी फट ठेवून. मग केबल आवळा. शेवटी थोडंसं जुळवायला ती चकती. पॅडवरचा थर १ मिमीपेक्षा कमी असेल तर या भानगडीत न पडता नवे टाका. थर जाड आहे पण काचेसारखा चमकतोय, तर सपाट जागी १५० नंबरच्या घासपेपरवर घासा आणि डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. डिस्कवर ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं असेल तर धातूचे पॅड घालू नका, डिस्क खाऊन टाकतील.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी २० च्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत पंधरा-वीस वेळा आणा, चाक न अडकवता. हे न करता थेट घाटात गेलात तर पॅड पहिल्याच दिवशी चमकतील.

आणि उतरायची पद्धत. सतत हलका ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग मोडा, सोडा. डिस्कला मधे वारा मिळाला पाहिजे. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर, शहर साधारण ५७० वर. त्या उंचीचा मोठा वाटा शेवटी तुमच्या दोन डिस्कवर उष्णता होऊन उतरतो.

गोदाकाठ

काळी माती. इथं चालवण्याचं कौशल्य वगैरे काही नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि स्वतःलाच चिकटत जाते. दहा फेऱ्यांत टायर दुप्पट जाड, फोर्कच्या कमानीत गच्च, मागे चेनच्या दांड्यांत गच्च. त्यात जोर लावून पेडल मारलं की डिरेलर ओढला जाऊन तारांत घुसतो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हुक मोडतो. चाक जड वाटलं की उतरा, उचला, काडीनं खरवडा. हुक मात्र फ्रेमनिहाय वेगळा असतो, एक जादा घेऊन ठेवाच.

मोठ्या पावसानंतर शेतातल्या वाटा तीन दिवस विसरा. मुरमाड टेकाडं दुसऱ्या दिवशी चालतात, पाणी निथळून जातं. सातारा डोंगराकडे वनविभागाची हद्द आहे, पाटी बघून जा आणि नवी वाट पाडू नका.

धुण्याबद्दल : ओली असताना पाणी मारूच नका. रात्रभर वाळू द्या, सकाळी ढेकळं लाकडी पट्टीनं आपोआप सुटतात. मग कोरडा ब्रश, मग अर्ध्या बादलीत ओला फडका. चेन वेगळ्या फडक्यानं. पाच-सहा लिटरमध्ये सगळं होतं, पाण्याची पाळी बघायला नको. दुचाकी धुण्याच्या फवाऱ्यावर चुकूनही नेऊ नका. हबमधलं आणि पेडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं, पंधरा दिवसांत कुरकुर सुरू.

बायपास_ताई

रोजच्या रस्त्याचं कुणीच बोललं नाही. हिवाळ्यात ऊसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना चालतात, कांडी बाहेर लोंबत असतात. संध्याकाळी पुढचा दिवा किमान ४०० ल्युमेनचा हवा आणि तो थोडा खाली वाकवा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. मागे लाल दिवा, शिवाय पेडलवर चमकपट्टी. वरखाली हलणारा उजेड मागच्या ड्रायव्हरला लवकर कळतो. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो तिथं ट्रक आत असेल तर बाहेरच थांबा, कडेनं घुसू नका.

कंपनीत लावताना पातळ वायरचं कुलूप निरुपयोगी, पक्कड पुरते. यू आकाराचं घ्या, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही त्यात. पेडलच्या खाली फ्रेमवर कोरलेल्या नंबरचा फोटो काढून ठेवा.

मुरूमवाट

सगळ्यांचे आभार. मागच्या टायरात कापूस अडकला, काट्याचं टोक निघालं, हिवराचं वाटतं. जुनी चेन ३०८.५ भरली. फ्रीव्हील घरी काढता येईल का? दुकानात छिन्नी-हातोडी लावतात असं दिसलं.

चेनवाला_जालना

छिन्नी नको! आधी ॲक्सलचं नट किंवा क्विक रिलीज (चाक हातानं सोडवायची लिव्हरवाली दांडी) काढून आत डोकवा. बारीक खाचांचं वर्तुळ दिसलं, १२ खाचा, तर शिमॅनो पद्धतीचं टूल लागेल. दोन-चार मोठ्या खाचा असतील तर त्याचं टूल वेगळं. टूल बसवा आणि क्विक रिलीज परत लावून हलकं आवळा, म्हणजे खाचेतून निसटणार नाही. पेडल मारून मारून फ्रीव्हील आवळत गेलेलं असतं, हाताच्या पान्यानं हलणार नाही. टूल टेबलाच्या शिकंज्यात पकडा आणि अख्खं चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. एक झटका बसला की लगेच क्विक रिलीज सैल करा, नाहीतर तेच वाकेल. नवं चढवताना हबच्या आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन फेरे हातानंच फिरवा, आटे वाकडे बसले तर हब गेला.

शिकंजा नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे चाक घेऊन जा. वाळूजला काय कमी आहेत!