पिओनी लावायची आहे: मिशिगन, बजेट ४० डॉलर

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी कँटनला घर घेतलं. मागच्या अंगणात पिओनी लावायची आहे. झाड-पिओनी नको, हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून वसंतात नव्याने फुटते ती. शेजारच्या आजींच्या दारात जूनमध्ये ओंजळीएवढी गुलाबी फुलं बघितली, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. जागा दोन आहेत. कुंपणाजवळ सकाळपासून तीनपर्यंत ऊन असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मेपलमुळे जेमतेम चार तास. माती चिकण. बजेट ४० डॉलर, त्यावर नाही. मेअखेरीस आई सांगलीहून येतेय, तेव्हा फुलं हवीत. आत्ता सप्टेंबरात लावू की वसंतात? आणि कुठली?

रोपवेडा:
डोळे मिटून 'बार्टझेला' घे. पिवळीधमक, इटोह जातीची. मी ९० डॉलरला घेतली, गेल्या जूनमध्ये एका झाडावर ४१ फुलं मोजली. दांडे असे ताठ की वादळी पावसातही एक आडवा झाला नाही. चांगल्या झाडाला पैसे पडतातच.

कडकलक्ष्मी:
तिने ४० लिहिलेत. आणि झाड-पिओनी नको म्हणतेय, इटोह म्हणजे झाड-पिओनी आणि साधी पिओनी यांचा संकर. जपानच्या तोइची इतोह यांना तो १९४८ मध्ये साधला.
अंगणवेल, लावायची वेळ हीच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मातीशिवाय नुसता गड्डा विकत मिळतो, तो घे. तीन ते पाच डोळे असलेला बघ. लावताना डोळ्यांवर दीड-दोन इंच माती, त्याहून जास्त अजिबात नको.

वाडीकर:
खोलीचंच सांगायला आलो होतो. मी गावाकडे सुरण लावतो तसा सहा इंच खाली गाडला. चार वर्षं नुसता पाला. बघायला सुंदर, हिरवागार, पण कळी नाही. खत कमी पडलं म्हणून नत्राचा डोस वाढवला, तर पाला आणखी माजला. पाचव्या वर्षी ऑक्टोबरमध्ये उकरून वर घेतला. पुढच्या जूनमध्ये दोन फुलं आली, मी ऑफिसला दांडी मारून त्यांच्याजवळ बसलो.

शेवंती:
मुंग्यांचं काय करायचं तेही सांगा कोणीतरी. कळ्या मुंग्यांनी काळ्या झाल्या म्हणून मी साबणाचं पाणी मारलं. शेजारीण म्हणाली, मुंग्यांनी कुरतडल्याशिवाय फूल उमलतच नाही.

कडकलक्ष्मी:
फवाऱ्याची गरज नव्हती आणि शेजारणीचंही बरोबर नाही. कळीच्या बाहेरच्या हिरव्या आवरणावर गोड रस पाझरतो, तो चाटायला मुंग्या येतात. नसल्या तरी फूल उमलतं. घरात आणताना फूल झटकून घे, बस.

रोपवेडा:
माझ्याकडे मुंग्या जास्त त्या वर्षी फुलं जास्त. प्रत्यक्ष बघितलेलं सांगतोय.

कडकलक्ष्मी:
कळ्या जास्त, म्हणून मुंग्या जास्त.

गच्चीबाग:
पुण्यात कोथरूडला कुंडीत येईल का? गड्डे ऑनलाइन दिसतात.

गारवा:
नका घेऊ. हिवाळ्यात काही आठवडे चार-पाच अंशांच्या खाली थंडी मिळाली नाही तर कळीच धरत नाही. आपल्याकडे रानटी पिओनी आहे, पांढऱ्या फुलांची, पण ती काश्मीर-उत्तराखंडच्या डोंगरांत. पुण्यात अनंत लावा.

गच्चीबाग:
अनंत आहे हो, पण कळ्या पिवळ्या पडून गळतात. काय करू?

शेवंती:
माझ्याही गळायच्या. पाणी कमी केलं, थांबलं.

वाडीकर:
कमी? माझ्या आईने वाढवल्यावर थांबलं.

गारवा:
अनंताचा धागा वेगळा काढा, इथे हरवून जाईल.
अंगणवेल, या मेमध्ये फुलांची आशा धरू नकोस. पहिल्या वर्षी गड्डा मूळ धरतो, तिसऱ्या वर्षी खरा भर. आईला अ‍ॅन आर्बरच्या निकोल्स आर्बोरेटमला ने. तिथली पिओनीची बाग १९२७ पासून लोकांना खुली आहे. जुन्या जातींचे वाफेच्या वाफे, प्रवेश फुकट. भर बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास असतो. मी दरवर्षी जातो आणि दरवर्षी परतताना पाय निघत नाही.
४० डॉलरमध्ये 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' घे. १८५१ ची फ्रेंच जात, पांढरीशुभ्र, मधे किरमिजी शिंतोडे, वासही आहे. लाव कुंपणाजवळच. मेपलची मुळं वरच्या थरात पसरतात आणि सगळं पाणी ओढतात. चिकणमाती दीड फूट खोल मोकळी कर, कंपोस्ट मिसळ. पाणी साचलं तर गड्डा सडेल. आणि शरदात वाळलेले दांडे कापून कचऱ्यात टाक, कंपोस्टमध्ये नको. करपा त्यातूनच पुढच्या वर्षी येतो.

वाडीकर:
कुंपणच. आणि डोळे वर.

रोपवेडा:
बार्टझेला.

अंगणवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. लावून झाली. शेजारच्या आजींना जातीचं नाव विचारायला गेले, तर म्हणाल्या, नाव माहीत नाही, सासूबाईंनी लावलेली आहे, फावडं घेऊन ये. दोघींनी मिळून एक कड उकरली. मला चार डोळ्यांचा तुकडा मिळाला.
लावली मात्र खिडकीखाली. आईचे गुडघे दुखतात, कुंपणापर्यंत ती रोज जाणार नाही. सांगलीतही तिचा सकाळचा चहा खिडकीशी बसूनच होतो. यंदा फुलं नसतील तर पाला बघेल, आणि पुढच्या खेपेला फुलं. मेपलच्या खालच्या तीन फांद्या उतरवून घेणार आहे. डोळ्यांवर दीड इंच माती, पट्टी लावून मोजली. जूनमध्ये अ‍ॅन आर्बरला नक्की जाणार.

वाडीकर:
चार तासांच्या उन्हात फूल येणं कठीण आहे. दोन वर्षांत नाही आलं तर ऑक्टोबरमध्ये कुंपणाकडे हलव, हयगय करू नकोस.

कडकलक्ष्मी:
जमीन गोठली की वर पालापाचोळा पसर, पहिल्या हिवाळ्यात नवा गड्डा उचलला जातो. मार्चअखेरीस आठवणीने काढ. तसाच राहिला तर डोळे पुन्हा खोल जातील.