एएम हर्क्युलिस मधूनच महिनोनमहिने मंद का होतो?

रात्रपाळी_सांगली

मंडळी, हल्ली रिकाम्या वेळात एएव्हीएसओच्या (बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी अमेरिकन संस्था) साइटवर ताऱ्यांचे जुने ग्राफ काढून बघायचा नाद लागलाय, आणि त्यात हा एएम हर्क्युलिस काही केल्या डोक्यात शिरेना. एक श्वेतबटू (जळून संपलेल्या ताऱ्याचा दाट गाभा), त्याला चिकटून एक छोटा लाल बटू (लहान, थंड तारा), दोघांची एक फेरी ३ तास ६ मिनिटांत, इथवर ठीक. पण ग्राफ वीसतीस वर्षांचा काढला की दिसतं काय, तर गडी बराच काळ १३ व्या प्रतीच्या आसपास (प्रतीचा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद), मग धाडकन १५ व्या प्रतीवर, तिथे कधी काही आठवडे तर कधी कित्येक महिने पडून, आणि मग परत वर. ना ठरलेलं अंतर ना ठरलेली मुदत. तीन तासांच्या जोडीत वर्षावर्षांचा हा खेळ येतो कुठून? श्वेतबटूचं चुंबकत्व कमीजास्त होतं का? की एसएस सिग्नी या दुसऱ्या जोडताऱ्याचं, जो मधूनमधून उसळतो, जे वाचलं होतं तेच इथेही? गणित झेपेल तेवढंच सांगा.

दक्षिणायन

चुंबकत्व बदलत नाही. त्या श्वेतबटूचं क्षेत्र साधारण १.४ कोटी गॉस (चुंबकीय क्षेत्राचं माप) आहे (आपल्या पृथ्वीचं अर्धा गॉस धर), ते असं वर्षा-दोन वर्षांत हलत नसतं. पण तुझ्या कोड्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

एसएस सिग्नीमध्ये जोडीदाराकडून येणारा वायू आधी श्वेतबटूभोवती तबकडीत साठतो, तबकडी भरत आली की बिनसते आणि सगळा माल एकदम आत ओतते, म्हणून तो साधारण सात-आठ आठवड्यांनी १२ वरून ८ व्या प्रतीपर्यंत उसळतो. म्हणजे तिथे गच्चीवर टाकी आहे, खालून पाणी कमी आलं तरी घरात लगेच कळत नाही. एएम हर्क्युलिसला टाकीच नाही, डायरेक्ट लाइन. क्षेत्र एवढं जबरदस्त की तबकडी बनूच देत नाही, वायूची धार वाटेतच चुंबकीय रेषांना पकडून सरळ ध्रुवाजवळ आदळते, तिथे कोट्यवधी अंश तापते आणि एक्स-रे बाहेर पडतात. त्या रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन वेगळाच प्रकाश देतात, तो वर्तुळाकार ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी गोल फिरत येतात. १९७६ ला तापिया यांनी तोच पकडला म्हणून या जातीचं नाव पोलर. तारा बदलता आहे हे मात्र हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी १९२३ लाच नोंदवून ठेवलं होतं, पुढची पन्नासेक वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं ढुंकून बघितलं नाही.

तर मुद्दा असा की जोडीदाराने पुरवठा कमी केला की काही तासांत उजेड उतरतो, मध्ये साठा असा नाहीच. तू बघतोयस तो ग्राफ म्हणजे पुरवठ्याचंच मीटर आहे रे, संशय घ्यायचा तर लाल बटूवर घे.

रात्रपाळी_सांगली

वा, टाकीचं एकदम पटलं. पण मग लाल बटू पुरवठा बंद का करतो? तो काय आकसतो आणि फुगतो?

मीनाक्षी_ताई

आकसायला नको रे, एवढ्या कमी वेळात तो आकसणारही नाही. वायू गळतो तो दोघांमधल्या एकाच ठिकाणाहून, एल-वन बिंदूपाशी, जिथे दोघांची ओढ सारखी पडते. लाल बटू गुरुत्वाने असा जखडलाय की त्याची एकच बाजू कायम श्वेतबटूकडे आणि स्वतःभोवती फिरायचं तेही दर तीन तासांनी, आपला सूर्य घेतो पंचवीसेक दिवस. इतक्या वेगाने फिरणारा लाल बटू म्हणजे अंगभर चुंबकीय डाग ठरलेले. १९९४ ला लिव्हिओ आणि प्रिंगल यांनी मांडलं की असा मोठा डाग सरकत एल-वनच्या तोंडाशी आला की तिथला वायू थंड पडतो, दाब घटतो, धार बारीक होते. डाग सरकला की परत सुरू. म्हणजे चुंबकत्वाचा तुझा संशय तसा बरोबर होता, फक्त तारा दुसरा.

खडूस_खगोल

डागांची गोष्ट छान आहे, मान्य, पण सगळं सुटलं असं कुणी समजू नये. २००० साली हेसमन, गेन्झिके आणि मॅटाई यांनी एएम हर्क्युलिसच्या जुन्या नोंदींवरून पुरवठ्याचा हिशोब लावला, तर एल-वनजवळचा पृष्ठभाग साधारण निम्मा डागांनी भरलेला धरावा लागतो. सूर्याच्या मानाने हे भयंकर आहे. आणि सूर्याला ११ वर्षांचं चक्र आहे तसं काहीतरी इथे शोधायला जावं तर ग्राफ वाकुल्या दाखवतो. दुसरं म्हणजे तबकडीवाल्यांनाही हे चुकत नाही, एफओ अक्वेरी हा असाच दुसरा जोडतारा २०१६ ला असाच मंदावला होता, तिथे तर तबकडी आणि चुंबक दोन्हीची भेसळ. तरी माझं मत विचाराल तर डागच, दुसरं कुठलं कारण इतकं लहरी वागेल असं वाटत नाही.

दक्षिणायन

खडूसराव, हे मंद काळ उलट कामाचे असतात हो. धारेचा झगमगाट गेला की लाल बटू स्वतः दिसायला लागतो, त्याचे फ्लेअर्स (पृष्ठभागावरचे अचानक भडके) सुद्धा. एरवी तो झाकलेलाच.

मीनाक्षी_ताई

हो, आणि रात्रपाळी, नुसते ग्राफ काय बघतोस, स्वतः बघ की. अभिजितच्या उत्तरेला ११ अंशांवर, शौरी तारकासमूहात. चढा असताना काळोख्या गावातून १० इंची दुर्बिणीत डोळ्यांनी सापडतो, मंद असला की कॅमेऱ्याशिवाय विसर. आपल्याकडची पंचाईत म्हणजे जून-जुलैत रात्रभर डोक्याशी असतो आणि तेव्हा पाऊस. त्यामुळे एप्रिल-मेत मध्यरात्रीनंतर, नाहीतर दिवाळीच्या सुमारास अंधार पडल्या पडल्या वायव्येला. एक सांभाळ, एका फेरीतही तो अर्धा-पाऊण प्रत वरखाली होतो कारण ध्रुव कधी आपल्याकडे कधी पलीकडे, त्यामुळे काल १३.२ आणि आज १३.७ दिसला म्हणून लगेच इथे धागा काढू नकोस 😄 आणि नाहीच दिसला तर मोकळं सोडू नकोस, चार्टवरचा जो सगळ्यात मंद तारा दिसला त्याची प्रत लिहून 'यापेक्षा मंद' अशी नोंद टाकायची, ती चालते.