मदत हवी आहे: प्रॉक फाइलमधून लिंक्ड लिस्ट वाचताना कॅट थांबतच नाही

प्रश्न
लिनक्स कर्नल मॉड्यूलमध्ये स्पिनलॉकने (मोकळा होईपर्यंत न झोपता वाट पाहायला लावणाऱ्या लॉकने) राखलेली लिंक्ड लिस्ट (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची यादी) आहे. तिच्या नोंदी युजर प्रोग्रामना प्रॉक फाइलमधून (/proc खालची, वाचताना कर्नल भरतो ती फाइल) फक्त वाचायला द्यायच्या आहेत. सध्याचं रीड फंक्शन: लॉक घेतो, स्प्रिंटएफने ४०९६ बाइटच्या बफरमध्ये सगळं लिहितो, कॉपी_टू_युजरने ते युजर प्रोग्रामच्या मेमरीत टाकतो, लॉक सोडतो, लांबी परत करतो. कॅट (फाइल छापणारी कमांड) तीच यादी छापत राहतो, नोंदी वाढल्या की पॅनिक येतो (कर्नल कोसळतो), आणि कर्नल ५.४ वर चालणारा कोड ५.१५ वर कंपाइल होत नाही. सिसएफएसकडे (/sys खालच्या फाइलींकडे) वळू का?

प्रतिसाद १
कॅट ० बाइट मिळेपर्यंत वाचतो. तुम्ही पीपॉस (वाचन कुठवर आलं ती जागा) पुढे सरकवत नाही, मग शेवट येणार कसा? पॅनिक बहुधा स्प्रिंटएफ बफरबाहेर लिहितो म्हणून. पण खरा धोका लॉक धरून केलेल्या कॉपी_टू_युजरचा आहे. तिथे पेज फॉल्ट आला (हवं ते पान मेमरीत नसलं) तर प्रोसेस झोपू शकते, आणि स्पिनलॉक हातात असताना झोपणं चालत नाही.

५.६ पासून प्रॉक फाइल बनवणाऱ्या प्रॉक_क्रिएटला फाइल_ऑपरेशन्सऐवजी प्रॉक_ऑप्स हा फंक्शनांचा तक्ता लागतो. तोही लिहू नका, थेट प्रॉक_क्रिएट_सेक वापरा; त्याला स्टार्ट, नेक्स्ट, शो, स्टॉप ही चार फंक्शनं द्यायची. स्टार्टमध्ये आधी लॉक, मग सेक_लिस्ट_स्टार्ट, नेक्स्टमध्ये सेक_लिस्ट_नेक्स्ट, शोमध्ये एका नोंदीचं सेक_प्रिंटएफ, स्टॉपमध्ये लॉक सोडा. स्टार्टने नल दिला तरी स्टॉप चालतोच, म्हणून लॉक घेण्याआधी स्टार्टमधून परतू नका. युजरकडची कॉपी स्टॉपनंतर होते, त्यामुळे स्पिनलॉक इथे चालतो.

प्रश्नकर्ता
मग पूर्ण यादी एकाच क्षणाची मिळेल का? आणि शोमध्ये छापून झाल्यावर नोंदीतला काउंटर शून्य केला तर चालेल का?

प्रतिसाद २
दोन्हींना नाही. लॉक प्रत्येक रीडपुरताच असतो. दोन रीडच्या मध्ये आधीची एखादी नोंद निघाली की क्रमांक सरकतात आणि एक ओळ गळते. एकसंध चित्र हवंच असेल तर ओपनच्या वेळी लॉकखाली प्रत काढा आणि रिलीजमध्ये ती मोकळी करा.

शोमध्ये काउंटरला हात लावू नका. ओळ बफरमध्ये मावली नाही की ती टाकून दिली जाते आणि त्याच नोंदीसाठी शो पुन्हा चालतो. तेव्हा छापलं जाईल ते शून्य, खरा आकडा गेला. रीसेटसाठी वेगळं राइट फंक्शन ठेवा.

सिसएफएस यादीसाठी नाही: एका फाइलमध्ये एक मूल्य, तेही एका पानात मावणारं. फक्त डीबगिंगसाठी हवं असेल तर डीबगएफएस (डीबगिंगसाठीची फाइलसिस्टम), घटना घडताच कळवायच्या असतील तर जेनेरिक नेटलिंक (कर्नल आणि प्रोग्राममधला संदेशांचा मार्ग). प्रॉकवरच राहिलात तर नवे रकाने कायम शेवटी जोडा. कोणाचा तरी ऑक (ओळीतले रकाने वेगळे करणारी कमांड) स्क्रिप्ट रकान्याच्या क्रमांकावर विसंबून असतो.