गिरण्या संपाने बुडाल्या की सरकारी कागदाने?

काळाचौकी:
परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात एकजण म्हणाला, "सरकारने धंद्यात पडूच नये, बाजार आपलं आपण बघून घेतो." माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे कामगार होते. १८ जानेवारी १९८२ला ते अडीच लाख कामगारांबरोबर संपावर गेले आणि पुन्हा कधी पाळीवर गेलेच नाहीत. पुढे अकरा वर्षं आईच्या खानावळीवर घर चाललं. म्हणून असलं वाक्य मला ऐकून सोडून देता येत नाही.

बाजार आपला आपण चालतो, हे गिरणगावात कधीच खरं नव्हतं. १८९६मध्ये इंग्रज सरकारने इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांसाठी इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी, म्हणजे उत्पादनावरचा कर बसवला. तो जायला १९२६ उजाडलं. त्याच इंग्लंडने १७२१मध्ये आपल्या लोकांना छापील सुती कापड वापरायलाच बंदी केली होती, कारण हिंदुस्थानातल्या कापडापुढे त्यांच्या विणकरांचा टिकाव लागत नव्हता. आधी स्वतःचं कुंपण घातलं, आत मोठे झाले, मग जगाला खुला व्यापार शिकवला.

आणि शेवट? मुंबईतल्या बांधकामांसाठीच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने एक तृतीयांश पालिकेला मैदान-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जागेची, शेड पाडून मोकळी होईल ती जमीन धरायची नाही. गिरणीच्या आवारात रिकामी जागा असते किती? जिकडे बघाल तिकडे शेडच. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. लोअर परळच्या पुलावर उभं राहून जे टॉवर दिसतात, त्यातले बरेचसे या दुरुस्तीमुळे आहेत.

सरकार हात घालणारच. तो कुणासाठी घालतंय, हे विचारायला हवं.

लेथवाला, अंबरनाथ:
तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तुमचे सगळे दाखले माझ्याच बाजूचे आहेत. आणि मधला एक तुम्ही गाळलात. १९५६मध्ये आपल्याच सरकारने गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. हेतू हातमाग वाचवायचा होता. वाढले मात्र भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग, आणि मुंबईच्या गिरण्या जुन्याच साच्यांवर घासत राहिल्या. संप झाला तेव्हा भिवंडीत कापड विणून घ्यायची सोय मालकांच्या हाताशी तयार होती. तुमच्या वडिलांचा संप तिथे हरला.

आमच्या वडिलांनी १९७८ला दोन लेथवर काम सुरू केलं. एका परदेशी बेअरिंगच्या आयात परवान्यासाठी आठ महिने गेले. तोवर एक मशीन गोणपाटाखाली झाकलेलं. मी शाळेतून आलो की आधी ते गोणपाट उठलंय का ते बघायचो. १९९१नंतर तसलंच बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवर काउंटरवरून मिळायला लागलं. सरकारने काही दिलं नव्हतं, फक्त वाटेतून बाजूला झालं.

तिसरा मजला, गिरगाव:
लेथवाल्यांशी सहमत. मी स्वतः पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाड्याने घेतलेल्या घरात राहतो, म्हणजे फायदा घेणाऱ्यांतलाच. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचं होतं. पण तो कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक चालला. आमच्या जिन्याखाली लाकडी टेकू आहेत. त्यांना रंग लावून झालाय, इतकी वर्षं ते तिथे आहेत. मालक म्हणतो, मिळणाऱ्या भाड्यात एक तुळईही बदलता येत नाही, आणि ते खोटं नाही. भाड्याची घरं बांधायची मग कुणाला हौस होती?

पगारस्लिप, दादर:
सगळे मुंबईचंच बोलताय. फेब्रुवारीत व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे का कापतात, हे दरवर्षी मला ऑफिसात कुणीतरी विचारतं. वर्षाचे अडीच हजार भरून निघावेत म्हणून. पण हा कर मुळात आला कशासाठी? रोजगार हमीसाठी. १९७२च्या दुष्काळात कामं निघाली, १९७७ला कायदा झाला, आणि मागेल त्याला काम देण्याचा पैसा शहरातल्या पगारदारांकडून उभा राहिला. केंद्राला असा कायदा करायला २००५ उजाडलं. माझी मावशी माण तालुक्यात याच कामावर पाझर तलावाची माती वाहत होती. बाजाराने तिला त्या वर्षी काय दिलं असतं?

काळाचौकी:
लेथवाले, मागांचा मुद्दा मान्य, मी तो लिहायला हवा होता. पण वाटेतून बाजूला होणं हा एकच मार्ग असता तर दक्षिण कोरिया उभाच राहिला नसता. तिथे पोलाद कारखाना परवडणार नाही, असं जागतिक बँकेचं मत होतं. सरकारने १९६८ला कंपनी काढली, जपानकडून त्याच्या जुन्या राजवटीबद्दल मिळालेल्या भरपाईचा पैसा त्यात घातला, १९७३ला पोलाद निघालं. खासगी कंपन्यांना स्वस्त कर्ज दिलं, पण निर्यात करून दाखवा या अटीवर. आपण परवाना दिला आणि बदल्यात काहीच मागितलं नाही.

लेथवाला, अंबरनाथ:
अट घालणारा लष्करशहा होता, १९६१ला बंड करून आलेला. १९७०मध्ये सोलच्या कपडे बाजारात चॉन थे-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने कामगार कायदे पाळा म्हणत स्वतःला पेटवून घेतलं. तुमच्या वडिलांना तिथे संपाचा पहिला आठवडाही मिळाला नसता. आणि नियम ५८ची दुरुस्ती करायची ताकद ज्या हातात होती, त्याच हातात तुम्ही आणखी ताकद देऊ म्हणताय.

काळाचौकी:
चॉन थे-इलचं माहीत नव्हतं. वाचून थांबलो जरा. पण दुरुस्तीचं उत्तर देतो. ती ताकद सरकारकडे नसती तर नियम ५८ही नसता, आणि मग दोन तृतीयांशावर आमचा हक्क आहे असं म्हणायला कागदच नव्हता. तो कागद होता म्हणून तर लोक न्यायालयात जाऊ शकले. हरले, पण गेले.