वडिलांची पेपरलाइन चालवावी की विकावी?

जेलरोडकर: वडील नाशिकरोडला पेपर टाकतात. गुडघे गेलेत, आता म्हणतात, "तू बघ, नाहीतर लाइन विकून टाकू." पहाटे गठ्ठे फोडायचे, पुरवण्या भरायच्या, मग पोरं सायकलवर निघतात. पण पोरंच मिळत नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत ज्यांनी पेपर बंद केला, त्यातल्या बऱ्याच घरांनी परत लावलाच नाही. छापील पेपर टिकेल का? मनापासून विचारतोय.

निफाडचा शेतकरी: लासलगावला लिलाव चालू असतानाच कांद्याचा भाव ग्रुपवर येतो. पेपरात तोच दुसऱ्या दिवशी. आम्ही बंद केला. विकून टाक भाऊ.

वकीलताई, सीबीएस: कांद्याच्या भावासाठी पेपर लागत नाही, मान्य. पण मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, माझं कामच छापील पेपरवर अडतं. जमीन घेताना टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासायला जाहीर नोटीस देतो: गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, हरकत असल्यास अमुक दिवसांत कागदपत्रांसह कळवा. कात्रण फाइलला लागतं. प्रतिवादी सापडत नसेल तर कोर्ट समन्स पेपरात छापायला सांगू शकतं, आणि दिवाणी प्रक्रिया संहिता (ऑर्डर 5, नियम 20) म्हणते, तो शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणारं दैनिकच हवं. 2013 च्या भूसंपादन कायद्यातही प्राथमिक अधिसूचना स्थानिक दोन दैनिकांत द्यावी लागते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं.

वेबसाइटवरचा मजकूर रात्रीतून बदलता येतो. घरोघर गेलेला अंक कोण गोळा करणार?

माझ्या एका अशिलाचे भाऊ सामाईक जमिनीचा परस्पर सौदा करत होते. आतल्या पानावरची बारीक नोटीस अशिलाच्या सिन्नरच्या आत्याबाईंनी वाचली आणि तडक माझ्या ऑफिसात आल्या, कात्रण चष्म्याच्या डबीत घडी करून. त्यांच्या घरी पेपर येत नसता तर? कायदा नोटीस छापायला लावेल, पण वाचणारं घरच उरलं नाही तर ती छापून उपयोग काय? मला खरी काळजी त्याची आहे.

लाइन ठेवा. सोबत जाहीर नोटिसा, निधनवार्ता यांचं बुकिंग घ्या, कमिशन सुटतं.

पंचवटीकर: नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. घरचा पेपर बंद केलेले माझे दोन शेजारी आता तिथे जाऊन वाचतात. वाचणारे आहेत, पैसे देणारे घटलेत.

जेलरोडकर: ताई, बुकिंगचं डोक्यातच नव्हतं. आजच वडिलांशी बोलतो. नाशिकरोड, जेलरोड भागात पहाटे काम करणारं कुणी असेल तर कळवा.